मेंबरांचं पातेलं

“पाचच मिनिटं बसा मॅडम, तुमची टाकते,” सरूबाई म्हणाली, आणि मोनालीने पुढे केलेली ताटली तिच्या हातातच राहिली. खिचडी तर झालेली होती. शेगडीवरच्या मोठ्या पातेल्यातून वाफ येत होती, व्हरांड्यात मुलं मांडी घालून रांगेत बसली होती, घंटेजवळ मुख्याध्यापक गव्हाणे सर रुमालाने मान पुसत उभे होते. आता तिने एक घास खायचा, ‘छान आहे, वाढा’ म्हणायचं आणि घंटा व्हायची, एवढंच उरलं होतं. शाळा व्यवस्थापन समितीच्या कोणीतरी सभासदाने मुलांच्या आधी खिचडी चाखायची असा नियम होता, आणि बुधवार मोनालीचा होता, कारण चितेगावच्या औषध कंपनीत तिची सुट्टी बुधवारी असायची. मग आता टाकायचं काय राहिलं होतं? “तुमची म्हणजे?” तिने विचारलं. सरूबाईला प्रश्नच कळला नाही. “तुमची म्हंजी तुमची. मेंबर लोकांची,” ती म्हणाली आणि तिने फळीवरून एक लहान पातेलं काढलं, घासून लख्ख केलेलं, ज्यात दोघातिघांपुरतं शिजेल एवढंच. “आज गॅस दम धरीना, म्हून मागं राहिली. जारचं पाणी हाय, पटकन शिजती. लसूण जास्त घालते, तुमाला आवडतो.”

आवडतो, हे खरं होतं. मागे कधीतरी तिनेच म्हटलं होतं की सरूबाई, तुमच्या खिचडीचा लसूण कंपनीच्या कँटीनमध्ये स्वप्नात येतो. तेव्हा सरूबाई लाजून हसली होती. पण आता मोनालीच्या मनात जे आलं ते विचार करून आलेलं नव्हतं. लिटमसचा कागद विचार करत नाही, बुडवला की रंग बदलतो, तसं ते आलं. वेगळं भांडं. माझं भांडं वेगळं. कानांच्या पाळ्या गरम झाल्या, आणि चोवीस वर्षांच्या आयुष्यात जिला कुणी कधी वरून पाणी वाढलं नव्हतं, ती बी.एस्सी. झालेली, स्कूटीवरून कंपनीत जाणारी मुलगी एका क्षणात आपल्या आजाच्या अंगात जाऊन उभी राहिली. मग पुढच्याच क्षणी तिला कळलं की तसं नाही. मेंबर लोकांची, म्हणाली ना ती. सोमवारी चाखणाऱ्या सांडूभाऊंना त्याच पातेल्यातलं, शुक्रवारच्या बाईंना त्याच पातेल्यातलं. हा अपमान नव्हता, हा मान होता. आणि हे कळल्यावर सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, तर उलट काहीतरी जास्त वाईट वाटू लागलं, आणि ते काय आहे हे तिला चटकन सांगता येईना.

तिचा आजा कडुबा अजिंठ्याचा. बाजाराच्या दिवशी गावातल्या हॉटेलात चहा मिळायचा, पण त्याचा कप बाहेरच्या भिंतीत खिळ्याला अडकवलेला असायचा. कप बाकीच्यांसारखाच होता, तीच निळी रेघ, तोच कान, फक्त जागा वेगळी. आपणच काढायचा, चहा वरून ओतून घ्यायचा, आपणच धुवायचा, परत खिळ्याला. आजाने हे सांगितलं की लहानपणी मोनाली विचारायची, मग तू काय केलंस? आणि आजा दर वेळी तेवढ्याच चवीने सांगायचा. “काय करतो. एक दिवस चहा पेलो आन हॉटेलवाल्याच्या बादलीत, धुवायच्या कपांमधी, माझा बी कप टाकला सोडून. म्हनलं, आता हुडक माझा कंचा.” मग त्याने मारलं का? “मारतो कशाला. ढवळत बसला बादली. उचलायचा एक, बघायचा, ठिवायचा. आता सगळे फोडावं तर धंदा बुडतो. दुसऱ्या दिशी त्याच कपांमधी सगळ्या गावाला चहा.” आणि आजा हसायचा, दात नसलेल्या हिरड्यांनी, इतका की त्याला ठसका लागायचा. हे खरंच तसंच घडलं होतं की आजाने वर्षानुवर्षं सांगून सांगून त्याला तसा आकार दिला होता, हे तपासायची सोय आता नव्हती. पण ती बादली मोनालीने जणू स्वतः पाहिली होती. निळ्या रेघांचे सारखे कप आणि त्यांत चाचपडणारा एक हात.

“मला यातली द्या,” तिने मोठ्या पातेल्याकडे बोट केलं. “ती पोरांची हाय,” सरूबाई म्हणाली. तिचा स्वर तक्रारीचा नव्हता, काळजीचा होता. पाहुण्याने चुकून घरातल्या माणसांसाठीच्या तांब्याला हात घालावा तसा. “पोरांचीच चाखायची असते ना सरूबाई?” “चाखायची म्हंजी... आवं, तुमाला कसं देनार त्यातलं.” मोनालीने स्वतःच पळी घेतली.

घास तोंडात गेला आणि तिला पहिल्या वर्षाचं प्रॅक्टिकल आठवलं. पांढरे कोट, नवे नवे, बाह्या लांब. पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिलेला पहिला नियम, की प्रयोगशाळेत कोणतीही वस्तू चाखायची नाही. क्षार ओळखायला ज्वाला आहे, अवक्षेप आहे, रंग आहे. जीभ हे उपकरण नव्हे. त्यानंतर ती ज्या लॅबमध्ये गेली तिथे तर पाणीसुद्धा कुणी पीत नसे. चितेगावला तिचं कामच पाण्याचं. गोळ्यांच्या विभागात जाणारं पाणी नळाला येण्याआधी ते किती शुद्ध आहे हे ती रोज यंत्रावर मोजत असे, आणि आकडा जरासा जरी वर सरकला तरी तिच्या एका सहीने अख्खी लाइन थांबत असे. तिथे कुणी म्हणत नसे की बेटा, राहू दे. आणि इथे या शाळेत, जिथे ती स्वतः पाटी घेऊन शिकायला आली होती, जिथे आता ती समितीत ‘शिक्षणतज्ज्ञ’ म्हणून होती (तज्ज्ञाची एक जागा भरायची होती आणि वस्तीत दुसरं कुणी पदवीधर रिकामं नव्हतं), तिथे तिला दिलेलं एकमेव उपकरण म्हणजे जीभ. जीभ सांगत होती की कडू. मीठ जास्त झाल्यावर लागतो तसा खारटपणा पुढे, आणि मग मागून, घशाच्या तोंडाशी, कडवटपणा, जुलाबाच्या औषधाचा. मॅग्नेशियम असावं, तिच्या मनाने लगेच चिठ्ठी लावली. तांदूळ त्या पाण्यात नीट फुललाही नव्हता, डाळ कचकचत होती. घास गिळला तरी तोंडात राहिला.

मग एकेक गोष्ट आपोआप जागेवर येऊ लागली. कुंपणापलीकडच्या शेळ्या, ज्या जेवणाच्या वेळेला बरोबर जाळीला येऊन उभ्या राहायच्या. मुलं अर्धं ताट जाळीतून त्यांना सारायची, आणि गव्हाणे सर म्हणायचे, माजलीत कार्टी, घरी वडापाव खाऊन येतात. दुष्काळ जाहीर झाला म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीतही खिचडी चालू ठेवायची होती. वर्ग बंद, फळे पुसलेले, आणि मुलं फक्त खायला येत होती. खायला येत होती आणि खात नव्हती. तिने हे सगळं कितीदा पाहिलं होतं. लहान पातेल्यातली लसणाची मऊ खिचडी तोंडात घोळवत पाहिलं होतं. लॅबमध्ये याला चुकीचा नमुना म्हणतात: तुम्ही नमुना तपासता, पण नमुना त्या टाकीतला नसतोच.

“कशी आहे?” गव्हाणे सरांनी घंटेचा दांडा उचलला. “कडू.” सरांनी दांडा खाली घेतला. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांना निवृत्तीला थोडंच राहिलं होतं आणि त्यांची सगळी धडपड त्या थोड्यात काही घडू नये एवढ्याचसाठी होती. ते जवळ आले, आवाज लहान केला. “हे बघा ताई, बोअरचं पाणी उतरलंय. मला माहितेय. मी संस्थेकडे टँकर मागितला होता. तात्यासाहेब काय म्हणाले माहितेय? म्हणाले, गव्हाणे, तुमची समितीच आठवड्यातून तीनदा सांगते चव उत्तम आहे म्हणून. मग पाण्याला काय झालंय? आता बोला.” तिचेच शब्द होते ते. ‘छान आहे.’ कुठल्या पातेल्याबद्दल बोलले गेले होते ते शब्द, आणि कुठल्या पातेल्यावर जाऊन बसले होते. “तुम्ही नाही म्हणालात तर नियमाने आज वाटप बंद,” सर पुढे म्हणाले. “मग पोरांना घरी जायला तुम्ही सांगा. मी नाही सांगणार.” रांगेतली मुलं तिच्याकडे बघत होती. त्यांना शब्द ऐकू येत नव्हते, पण घंटा का होत नाही हे त्यांना ताटाच्या भाषेत समजत होतं. एकीने ताटावर बोटांनी हळूच ठेका धरला, बाकीच्यांनी उचलला. “वाढा,” मोनाली म्हणाली. “पण छान आहे असं मी म्हटलेलं नाही. लक्षात ठेवा सर. वाढा म्हटलंय, छान म्हटलेलं नाही.” “फरक काय पडतो?” “पडेल.”

घरी जाताना मुकुंदवाडी स्टेशनच्या अलीकडे रूळ ओलांडला की पूर्वी ज्वारीची शेतं होती. आता तिथे उंच इमारती उभ्या राहिल्या होत्या, काही राहत्या, काही नुसते सांगाडे, आणि गल्लीत टँकर अडकून पडला होता. त्याचा पाइप एका इमारतीच्या तळघरात सोडलेला, जोडातून पाणी गळत होतं, आणि गळतीखाली एका बाईने कळशी धरली होती. बाई कुणाकडे बघत नव्हती. मोनालीने स्कूटी बंद केली आणि थांबली. शाळेचं पाणी या इमारतींच्या खोल खोल बोअरमुळे कडू झालं का? तिला हे सिद्ध करता आलं नसतं. भूगर्भातलं काही दिसत नाही, दोन गोष्टी एकामागून एक घडल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असं होत नाही, हे तिला शिकवलेलं होतं आणि ते ती मानत होती. तिच्या लहानपणी शाळेच्या हापशाचं पाणी गोड होतं, इतकं की वस्तीतल्या बायका लग्नाच्या चहाला तिथून न्यायच्या. एवढं मात्र सिद्ध करायची गरज नव्हती. ते पाणी तिच्या अंगात होतं. हाडांत होतं. ती त्या पाण्याची झाली होती, आणि आता समितीची मेंबर म्हणून तिने जिच्या खिचडीला ‘छान’ म्हटलं ती मुलगी या पाण्याची होणार होती. तोंडातला कडवटपणा अजून गेला नव्हता, आणि तो जाऊ नये असं तिला वाटलं. घरी गेल्यावर ती बराच वेळ पाणी प्याली नाही.

“तुला काय पडलंय गं?” आई म्हणाली. गीताबाई शिलाई मशीनवर परकराला नेफा घालत होती आणि मान वर न करता बोलत होती. “आपल्याला मेंबर केलं, खुर्ची दिली. तुझ्या आज्याला दारात उभं करत नव्हते. मानानं दोन घास देतेत तर ते बी खुपायलं?” “मान नाही गं तो, आई.” “मंग काय हाय?” “खिळा आहे.” आईने मशीन थांबवलं. तिला कपाची गोष्ट माहीत होती. तिच्या सासऱ्याने ती तिलाही शेकडो वेळा ऐकवली होती. “तो बाहेर ठेवायला होता, हा आत ठेवायला आहे,” मोनाली म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिला ते दुपारपासून सापडत नसलेलं जास्त वाईट सापडलं. आजाला वेगळ्या कपाने बाहेर ठेवलं होतं, म्हणून आजाला बाहेर काय आहे ते माहीत होतं. तिला वेगळ्या पातेल्याने आत घेतलं होतं, आणि आत बसून ती बाहेरच्यांच्या वतीने ‘छान’ म्हणत होती. सरूबाईने हे मुद्दाम केलं नव्हतं. कुणीच मुद्दाम केलं नव्हतं. आदर करायचा म्हणजे वेगळं काढायचं, याखेरीज दुसरी पद्धत कुणाला माहीत नव्हती. “कर काय करायचं ते,” आई म्हणाली आणि मशीन पुन्हा चालू झालं. “पण सरूबाईचं काम जाता कामा नये. बाईला नवरा नाय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी, मोनालीच्या दुपारच्या पाळीच्या आधी, गव्हाणे सरांनी समितीची तातडीची सभा घेतली. शनिवारी संस्थेचे अध्यक्ष तात्यासाहेब पाहुणे घेऊन येणार होते. सुट्टीत आणि दुष्काळातही शाळा पोषण देते आहे, हे पाहायला. सभेत नेहमी एकच गोष्ट व्हायची: सर वाचायचे, बाकीचे चहात बिस्किट बुडवायचे, सर विचारायचे ‘मंजूर?’, आणि कुणी काही बोलत नसे. न बोलणं म्हणजे मंजूर. मोनालीने आतापर्यंत असे कितीतरी ठराव बिस्किटासारखे विरघळू दिले होते. सर वाचत होते: समितीला पोषण आहाराच्या दर्जाबद्दल पूर्ण समाधान आहे. मंजूर? “नाही,” ती म्हणाली. चहाचे कप थांबले. “माझा विरोध आहे. लिहा.” “ताई, आपल्याकडे विरोध लिहायची पद्धत नाही,” सर काकुळतीने म्हणाले. “मग लिहू नका. मी तात्यासाहेबांनाच तोंडी सांगते.” समितीचे अध्यक्ष सांडूभाऊ रिक्षा चालवायचे, मुकुंदवाडी स्टेशन ते सिडको. त्यांची मुलगी हिमानी तिसरीत होती म्हणून ते पालकांतून अध्यक्ष झाले होते. ते हसले. “ए तज्ज्ञ, बात समज. तात्यासाहेब एक घंटा येनार, हार घालू, फोटो काढू, गेले की झालं. मंग आपण आरामात टँकरचं बोलू ना. आत्ता कशाला पानउतारा करायचा मान्साचा?” “भाऊ, तुम्ही सोमवारी कुठली खिचडी चाखता?” “सरूबाई देती ती.” “हिमानी कुठली खाते?” सांडूभाऊंनी चहाचा घोट घेतला. “माझी पोर जारच्या पान्याची बाटली घेऊन येती घरून.” “ती बाटली खिचडीत ओतते का?” कुणीतरी खुसकन हसलं आणि लगेच खोकल्यात लपवलं. सांडूभाऊंचा चेहरा उतरला. ठराव झाला. तिच्याशिवाय सगळे गप्प होते, आणि सर्वांचं गप्प राहणं हे एकीच्या बोलण्यापेक्षा जास्त भरलं.

शुक्रवारी पाळीभर ती कंपनीत यंत्रासमोर बसली होती आणि आकडे येत होते, स्वच्छ, लहान, एकसारखे. त्या पाण्यात काहीच नव्हतं. इतकं काहीच नव्हतं की ते पाणी वाटतच नव्हतं, आणि ते गोळ्यांसाठी होतं, ज्या गोळ्या आजारी माणसांनी घ्यायच्या होत्या. शाळेचं पाणी बाटलीत आणून इथे गुपचूप तपासायचा विचार तिने केला आणि सोडून दिला. बाहेरचा नमुना आत आणायचा नाही हा नियम होता, पण नियम हे कारण नव्हतं. बुधवारी संध्याकाळीच तिने स्वतःच्या पैशाने क्षार मोजणारं एक पेनासारखं यंत्र घेतलं होतं, गुरुवारी सभेनंतर ते टाकीत बुडवलं होतं आणि आकडा सरांना दाखवला होता. सर म्हणाले होते, बेटा, हे चायनाचं आहे. ती उद्या जर्मनीचं आणेल, सर दुसरं काही म्हणतील. आकड्याला कुणीही नाही म्हणू शकतं. तोंडात घेतलेल्या घोटाला नाही म्हणता येत नाही. तो गिळावा लागतो किंवा थुंकावा लागतो, आणि दोन्ही गोष्टी लोकांना दिसतात. हा विचार आला तेव्हा तिला हसू आलं. पहिल्या वर्षाच्या फळ्यावरचा तो नियम ती मोडणार होती, आणि एकटीने मोडणार नव्हती.

शनिवारी तिने सुट्टी घेतली आणि सकाळी लवकर शाळेत गेली. व्हरांड्याच्या सावलीत पाहुण्यांसाठी पाण्याचे जार मांडून ठेवले होते, त्यांच्यावर ओली पोती टाकलेली. आत सरूबाई एकटी डाळ निवडत होती. मोठं पातेलं शेगडीवर चढवलेलं, रिकामं. टाकीतून आणलेल्या पाण्याच्या बादल्या बाजूला. मोनालीने एक जार उचलला; तो वाटला होता त्यापेक्षा जड होता, तिने तो छातीशी धरला आणि फरफटत्या पावलांनी आत आणला. “आवं मॅडम, ते पाव्हन्याचं हाय!” “माहितेय.” “काय करता?” “खिचडीचं पाणी.” सरूबाई उठून उभी राहिली, पदराने हात पुसू लागली, कोरडेच हात. “माज्या हातानं नाय होनार ते. मला उद्या ये म्हननार नाय कुनी.” “तुमचे हात लागणारच नाहीत. कुणी विचारलं तर मोनालीने केलं म्हणून सांगा. सरूबाई, एक विचारू? तुम्ही घरी जाताना डब्यात काय नेता?” सरूबाईने तिच्याकडे पाहिलं. “नाय नेत,” ती हळू म्हणाली. “नातू खात नाय. कडू लागती म्हन्तो.” मोनालीने जार तिरका केला. पाणी आधी बाहेर येईना, मग जारमध्ये मोठमोठे बुडबुडे वर चढू लागले आणि ते गळगळत पातेल्यात पडलं, इतक्या आवाजात की तिला वाटलं आता सगळी वस्ती धावून येणार. कुणी आलं नाही. तिचं छातीपासून गुडघ्यापर्यंतचं अंग भिजलं होतं. ती दुसरा जार आणायला वळली तेव्हा मागून सरूबाईचा आवाज आला, नेहमीचा, स्वयंपाकाचा. “तेवढ्यानं भागतंय व्हय? सगळेच आना. तांदूळ लई हाय.” आणि तिने लहान पातेलं फळीवर पालथं घातलं.

सांडूभाऊ हार घेऊन आले तेव्हा खिचडी रटरटत होती. “जार कुठंयत?” “पातेल्यात.” ते पातेल्याकडे बघत राहिले, जणू जार आत तरंगताना दिसणार होते. “येडी हाय का तू? आता पाव्हन्याला काय पाजू?” “शाळेचं पाणी आहे ना. समितीला पूर्ण समाधान आहे.” त्यांनी लगेच जारवाल्याला फोन लावला, दोनदा लावला, पाणीटंचाईत त्याच्याकडे सगळं वाटून झालेलं, आता दुपारनंतरच. ते शिव्या देत बाहेर गेले, परत आले, पुन्हा बाहेर गेले. तिच्या आत विलक्षण शांत होतं, लॅबमध्ये असतं तसं, जेव्हा सगळं मांडून झालेलं असतं आणि आता फक्त घडू द्यायचं असतं. भीती होती, पण ती बाजूला कोट अडकवल्यासारखी अडकवलेली. ती स्वतः टाकीवर गेली. स्टीलचे पेले भरले. पाणी दिसायला नितळ होतं, उन्हात चमकणारं. कुणी म्हणालं नसतं की यात काही आहे.

तात्यासाहेब आले, पांढरे कपडे, कपाळावर घाम. सोबत दोघेतिघे पाहुणे. हार झाले, फोटो झाले. गव्हाणे सर पेले पाहून क्षणभर थबकले, त्यांनी जारांची रिकामी जागा पाहिली, मग मोनालीकडे पाहिलं, आणि त्यांना सगळं कळलं. घंटेचा दांडा त्यांनी दुसऱ्या हातात घेतला. “वा, वा,” तात्यासाहेब रांगांवर नजर फिरवत म्हणाले, “दुष्काळ काय म्हणतो आमच्या लेकरांना! सर, घंटा होऊ द्या.” “चव घेतल्याशिवाय घंटा होत नाही तात्यासाहेब,” मोनाली पुढे आली. “नियम आहे. आधी पाणी घ्या, ऊन फार आहे.” त्यांनी मोठ्या तहानेने पेला तोंडाला लावला.

पहिला घोट गेला. दुसरा तोंडात असताना ते थांबले. गाल किंचित फुगलेले, भुवया वर, पेला हवेत. थुंकायला व्हरांड्याची कड जवळ होती, पण व्हरांड्यात मुलं बसली होती, ओळीने, आणि सगळी त्यांच्या तोंडाकडे बघत होती. कुतूहलाने. हा चेहरा त्यांच्या ओळखीचा होता. मुलं तो रोज करत असत. हिमानी शेजारणीच्या कानात काहीतरी बोलली आणि दोघी हसल्या. तात्यासाहेबांनी घोट गिळला. गिळलेला दिसला, गळ्यातून खाली जाताना. “हे पाणी कुठलं?” “शाळेचं,” मोनाली म्हणाली. “तुमच्या शाळेचं. रोज यातच शिजतं. मुलं रोज हेच खातात.” “गव्हाणे, समिती तर म्हणत होती...” “समितीला वेगळं पातेलं होतं,” ती म्हणाली. “आता नाही. तुमच्यासाठीचे जार आज मुलांच्या खिचडीत गेले.” आणि मग सांडूभाऊंनी, तिला अजिबात अपेक्षा नसताना, ट्रेमधला एक पेला उचलला, सगळा एका दमात रिकामा केला, तोंड वाकडं केलं आणि पाहुण्यांपुढे ट्रे धरला. “घ्या ना साहेब. आमची पोरं पेतेत.” कुणी पेला उचलला नाही. ट्रे तसाच पुढे राहिला.

मोनालीने पळीभर खिचडी ताटलीत घेतली आणि सगळ्यांच्या देखत खाल्ली. मऊ होती. डाळ विरघळली होती, लसूण लागत होता. “छान आहे,” ती मोठ्याने म्हणाली, इतक्या मोठ्याने की कुंपणाशी आलेल्या शेळ्यांनी कान हलवले. “वाढा.” घंटा झाली. ती रांगेच्या टोकाला गेली आणि मुलांमध्ये मांडी घालून बसली, अर्धवट सुकलेल्या कपड्यांनी. तात्यासाहेब निघून जायला हवे होते, पण निघता येत नव्हतं त्यांना. पेला कुठे ठेवावा हे कळत नसल्यासारखे ते तो धरून उभे होते. वाढणं झालं, दुसऱ्यांदा झालं. शेळ्या जाळीला नाक लावून उभ्या राहिल्या आणि त्यांच्याकडे कुणी गेलं नाही. आणि मग तो आवाज आला, जो या शाळेत कित्येक दिवस झाला नव्हता. सरूबाई पातेल्याचा तळ उलथन्याने खरवडत होती, करकर, करकर, आणि पोरं ताटं घेऊन तिच्याभोवती उभी होती.

“जार तर संपले,” तात्यासाहेब शेवटी म्हणाले, कुणाला उद्देशून ते स्पष्ट नव्हतं. “मग सोमवारी काय करणार तुम्ही?”

मोनालीने ताट पुसून घेतलं, बोटं चाटली. “ते तुम्ही ठरवा,” ती बसूनच म्हणाली. “चव घ्यायला भाऊंसोबत मीही येणार आहे. याच पातेल्यातली.”